बिनदोऱ्याची मशीन

आमच्याकडची बाई शिवायला टाकायला आली की माप देत नाही, मापाचा ब्लाऊज देते. घरात जो सगळ्यात अंगासरशी बसलेला असेल तो. रंग उडालेला असो, काखेत विटलेला असो, हूक तुटून तिथं सेफ्टी पिन लावलेली असो, चालतो. "काकी, ह्याच्यासारखाच, फक्त गळा बोटभर खाली," असं म्हणून पिशवी टेबलावर ठेवायची आणि बाजाराला निघून जायचं. टेप लावून घ्यायला नको वाटतं बायकांना. एक तर वेळ नसतो. दुसरं, टेपवर आकडा दिसतो आणि तो मागच्या दिवाळीपेक्षा पुढं गेलेला असतो.

चाळीसच्या वर वर्षं मी पेणमध्ये ब्लाऊज शिवले. दुकान म्हणजे काय, राहत्या घराची ओटी, तिला एक शटर. शेजारी गणपतीचा कारखाना, त्यामुळे वर्षभर माझ्या पायरीवर पांढरी धूळ. काळं कापड बाहेर काढायची सोय नाही. शिवण मी कुणाकडे शिकले नाही. लग्न होऊन आले तेव्हा नणंदेचा एक नवाकोरा ब्लाऊज गुपचूप उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखले आणि होता तसा परत शिवला. नणंदेला कळलं नाही. हा अंक तिच्या हातात पडला तर आता कळेल.

आता दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, सुई ओवायला नातसून लागते, म्हणून दुकान बंद केलं. लोक विचारतात, आठवण येते का? कापडाची नाही येत. बायकांची येते. एक मास्तरीण होत्या, त्यांना प्रत्येक ब्लाऊजला उजवीकडे आतून छोटा खिसा लागायचा. कशाला, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. एका नवरीनं बारीक दिसायचंच असं ठरवून धाकट्या बहिणीचा ब्लाऊज मापाला दिला. हळदीच्या दिवशी सकाळी दोघी रडत माझ्या दारात. दोन्ही बाजूंना चार चार बोटं कापड घालून दिलं, वरनं लेस मारली. फोटोत ती फॅशन वाटते.

ब्लाऊजचं कापड कापतानाची एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही कापड दुमडतो आणि एकदाच कापतो. उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या निघतात. डावी वेगळी, उजवी वेगळी, असं कुणी कापत नाही. शिकवतानाही पहिलं तेच शिकवतात. मीही पोरींना तेच शिकवलं.

गागोद्याच्या अनुसयाबाई दर संक्रांतीआधी दोन ब्लाऊज टाकायच्या. काळ्या साडीवरचा एक, रोजचा एक. एक वर्ष त्या आल्या नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. मला वाटलं, दुसरी शिवणारी धरली. मनात राग धरला मी. बाजारात दिसल्या तेव्हा तोंड फिरवलं, आणि त्यांनीही पदर असा दोन्ही खांद्यांवरनं गच्च ओढून घेतला होता. त्या वारल्यावर वर्षभरानं मला कळलं की त्यांची छातीची एक बाजू काढली होती. शिवायला टाकायचं म्हणजे दाखवावं लागेल, म्हणून त्या बाईनं शेवटची तीन वर्षं जुनेच ब्लाऊज वापरले. मी मात्र इथं फुगून बसले होते.

हे मनात होतं, तरी वैशालीच्या वेळी माझं व्हायचं ते झालंच.

वैशाली गडबची. तिची आई हिराबाई माझी जुनी गिऱ्हाईक. भातशेती, घरचे वाल, आल्या की पिशवीतनं अर्धा किलो वाल माझ्या टेबलावर ठेवायच्या. वैशालीची पहिली साडी कॉलेजच्या निरोप समारंभाची. तिचा ब्लाऊज मी शिवला, लग्नातले पाचही मीच शिवले. रोह्याला दिली. नवरा धाटावला कंपनीत, शिफ्टचा माणूस. एक मुलगी, दुसरीत.

एक दिवस हिराबाई दोन कापडं आणि वैशालीचा मापाचा ब्लाऊज घेऊन आल्या. "पोरगी आलेय माहेरला, शिवून ठेवा," एवढंच बोलल्या. त्या दिवशी वाल आणले नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. दुसरं काही लक्षात आलं नाही.

आठ दिवसांनी वैशाली स्वतः आली. डोक्याला स्कार्फ, तोंड उतरलेलं. तिनं पिशवीतनं ब्लाऊज काढला आणि म्हणाली, "काकी, हा नाय बसत."

दुकानात आणखी दोघी होत्या. आता गिऱ्हाइकांसमोर कुणी माझं काम बसत नाही म्हणालं की माझा पारा चढायचाच. "बसत नाय कसा? तुझ्याच मापाचा हाय," म्हणाले आणि दोन्ही ब्लाऊज टेबलावर पसरले. मुंढ्याला मुंढा, कटोरीला कटोरी, शिलाईला शिलाई लावून दाखवली. टेपही लावली. दोन्हीकडं सूतभराचा फरक नाही. त्या दोघी मान हलवत होत्या. मी जिंकले.

वैशाली शांतपणे म्हणाली, "तुमचं काय चुकलं नाय काकी. मीच त्या मापात राहिले नाय."

ती स्टुलावर बसून राहिली. त्या दोघी गेल्या. मग तिनं उठून स्वतःच शटर अर्धं ओढलं, कोपऱ्यातला कपडे घालून बघायचा पडदा सारला आणि मला आत बोलावलं. मी काय बघितलं ते लिहीत नाही. ते तिचं आहे.

ऑपरेशन मुंबईला झालं होतं, डोसही संपले होते. केस नुकते परत उगवायला लागलेले. घरच्यांनी गावात गर्भपिशवीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, पोटाचं सांगितलं की लोक चौकशी करतात, ह्याचं सांगितलं की नुसते बघतात.

त्या दिवशी मी तिचं दोन्ही बाजूंचं वेगवेगळं माप लिहून घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कापड न दुमडता कापलं.

मग भरायचं काय हा प्रश्न आला. शहरात तयार मिळतं, पण तिनं आणलेलं तिला घामानं टोचत होतं. आधी मी कापूस भरला. कापूस हलका, दुपारपर्यंत वर सरकायचा, ब्लाऊज एका बाजूनं उचलला जायचा. मग तांदळाची कणी भरली. ती वजनाला बरोबर झाली, पण पंधरा दिवसांनी त्यात किडे झाले. वैशाली तेव्हा पहिल्यांदा हसली. म्हणाली, "काकी, मला निवडून ठेवा आता उन्हात." शेवटी आठवली बाळाच्या डोक्याखालची मोहरीची उशी. तसल्या उश्या मी शेकड्यानं शिवल्या होत्या. मलमलीचं अस्तर, मध्ये कापूस, पोटात थोडी मोहरी. टोचत नाही, सरकत नाही, अंगाबरोबर हलते. जखम पुरती सुकलीय ना, हे तिला डॉक्टरांना विचारून यायला लावलं, मगच दिली. हाताखाली ठेवायलाही एक लांबट उशी शिवली, कारण त्या बाजूचा हात जड व्हायचा, आणि हात उशीवर ठेवायला तिला हॉस्पिटलातल्या सिस्टरनी सांगितलं होतं.

ह्या सगळ्या कापाकापीत ती दर दोन-तीन दिवसांनी यायला लागली. गडबहून दुपारच्या रिक्षेनं यायची. एक ते चार माझं शटर अर्धं असायचं. मी दुपारी झोपायचे नाही, राहिलेलं शिवत बसायचे. ती आली की कापडाच्या गाठोड्यांना टेकून चटईवर बसायची. एकदा बघते तर झोपलेली. तोंड उघडं, मान एका बाजूला. लहानपणी आईबरोबर यायची तेव्हा अशीच झोपायची. मला वाटलं, आजारी पोरगी, झोपू दे. मी मशीनवरचा पाय काढला आणि हातशिलाई घेतली.

दोन मिनिटांत ती जागी. "झालं काकी?"

दुसऱ्या वेळी तेच झालं. मशीन चालू तोपर्यंत झोप, थांबली की डोळे उघडे. मी विचारलं, रात्री झोपतेस ना नीट? तर म्हणाली, ऑपरेशनपासून सलग दोन तास झोप नाही. पडलं की हात आपोआप त्या बाजूला जातो, आणि मग जाग येते ती येतेच. पूर्वी ती डाव्या कुशीवर झोपायची, मुलीकडं तोंड करून. ऑपरेशनही डावीकडंच. आता उजव्या कुशीवर पडायचं, तर समोर भिंत. आणि माहेरच्या घरात शांतता. भाऊ हळू बोलतो, भावजय भांडी हळू ठेवते, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघतात.

"सगळे कसे चालतात माहीत हाय का काकी? घरात कोण गेलं की चालतात तसे," ती म्हणाली. "मी हाय ना अजून?"

मी म्हटलं, डॉक्टरांना सांगितलंस का झोपेचं? तर म्हणाली, ते जखमेचं विचारतात, हाताचं विचारतात, रक्ताचं बघतात. झोपेचं कुणी विचारलं नाही, मीपण सांगितलं नाही, एवढ्या मोठ्या दुखण्यात झोपेचं काय सांगायचं. मी तिला रागावले. पुढच्या खेपेला तिनं सांगितलं, तर तिथं त्यासाठी एक बाई बसतातच म्हणे. त्यांनी तासभर ऐकून घेतलं. तुझ्यासारख्या पुष्कळ जणींचं असं होतं, मनातलं घरच्यांशी बोल, असं सांगितलं. वैशाली म्हणाली, तासभर कुणी घड्याळाकडे न बघता ऐकलं, तेवढ्यानंच अर्धं हलकं वाटलं. पण घरच्यांशी बोल, हे काही तिला जमेना. कारण घर रोह्याला होतं आणि ती गडबला.

तिला घरी जायचं होतं. एवढंच होतं तिच्या मनात, बाकी काही नाही. माझ्याकडे बसली की सगळं रोह्याचंच निघायचं. नवऱ्याची दुसरी शिफ्ट सुटली की त्याची गाडी गल्लीत वळताना ब्रेक कसा किंचाळतो, मग दाराची कडी, मग मोरीत डब्याचा आवाज, मग तो अंथरुणावर पडताना मुलीला सरकव म्हणतो आणि मुलगी झोपेतच लाथ मारते. हे सगळं ती असं सांगायची जसं दुसरी बाई महाबळेश्वरचं सांगेल. म्हणायची, मला तेव्हा चीड यायची काकी, आणि आता तेच पाहिजे.

मग जात का नाहीस, तर म्हणाली कुणी बोलवत नाही. नवरा दर रविवारी गडबला येतो, मोसंबी आणतो, पडवीत बसतो. कशी आहे म्हणून सासूला विचारतो, तिला नाही. एकदाच मुलीला आणलं. मुलगी आईकडे धावली तर त्यानं तिला मध्येच पकडून मांडीवर धरून ठेवलं, आईला लागेल म्हणून. जाईपर्यंत सोडलं नाही. "त्यांना माझी शिसारी येत असेल," वैशाली म्हणाली. रडली नाही. उसवलेला धागा गुंडाळत होती बोटाला.

मी पेटलेच. आता माझी चूक सांगते. हिराबाई कापड न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, पोरीला इतक्यात पाठवू नका, जावई धड नाही. त्यांना तेवढंच पुरलं. पुढच्या रविवारी जावई काहीतरी बोलायला तोंड उघडतोय तोच त्या म्हणाल्या, राहू दे अजून महिनाभर. म्हणजे ज्या बोलावण्यासाठी ती पोर झुरत होती, ते माझ्या बोलण्यानं त्याच्या तोंडातच राहिलं. मला हे नंतर कळलं.

आणि खरं लिहायला बसलेय तर तेही लिहिते. मला ती दुपारी हवी होती. आमचे हे गेल्यापासून दुपारी माझ्या घरात कुणी झोपलं नव्हतं. मुलगा-सून कामावर. शटर अर्धं, मी एकटी. ती आली की चटईवर एक माणूस श्वास घेतंय एवढ्यानंच मला बरं वाटायचं.

तिच्यासाठी मग मी रिकामी मशीन चालवायला लागले. हातातलं शिवून झालं, कापड संपलं, हूक-काज करायचे राहिले, तरी पाय चालूच. सुईतला दोरा काढून टाकायचा, पण खाली काही नसेल तर मशीनचे दात झिजतात आणि आवाजही पत्र्यासारखा येतो. म्हणून एक जाड चिंधी चार पदरी घडी करून खाली घालायची आणि चालवत राहायचं. हळू, एका लयीत. चार वाजेपर्यंत त्या चिंधीची चाळण व्हायची. एक गिऱ्हाईक शटरखालनं वाकून बघत म्हणाली, काकी, हे काय शिवताय? म्हटलं, झोप शिवतेय, आठ दिवसांनी या.

असाच एक मधला वार होता. दोन वाजले असतील. वैशाली झोपलेली, मी चिंधीवर मशीन मारत होते. शटरखाली कंपनीचे जाड बूट दिसले. वाकून आत आला तो वैशालीचा नवरा, संजय. सुटीचा दिवस होता त्याचा. हातात हेल्मेट. मी पाय थांबवले नाहीत, थांबवता येत नव्हते. तसंच चालवत विचारलं, "काय जावईबापू, मोसंबी नाय आणली आज?"

तो ओशाळला. चटईकडे बघितलं त्यानं, बायको झोपलेली. बघतच राहिला. मग स्टुलावर बसला, हेल्मेट मांडीवर ठेवलं, हलक्या आवाजात म्हणाला की ती इथं येऊन झोपते असं सासूबाईंकडून कळलं, ते बघायला आलो. आणि विचारलं, इथं असं काय हाय काकी? ते घरी करता येईल का?

मी फणकाऱ्यानं म्हटलं, घरी न्याल तेव्हा ना.

तर तो सांगायला लागला. मी चालवतेय आणि तो सांगतोय. म्हणाला, नेणारच हाय, तयारी चाललेय. डॉक्टर म्हणाले तिला झोप पाहिजे, शांतता पाहिजे. मग त्यानं आतल्या खोलीत तिला वेगळी खाट घेतली. मुलगी झोपेत लाथा मारते म्हणून तिला आजीजवळ झोपायची सवय लावली. रात्री गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद करून घरापर्यंत ढकलत आणतो, म्हणजे ती यायच्या आत अंगवळणी पडेल. ब्रेक बदलला. दाराच्या कडीला तेल घातलं, बिजागऱ्यांना घातलं. डबा आता बाहेरच्या नळावर धुतो. एकदम शांत झालं ना घर, म्हणाला, की घेऊन जातो. फक्त सासूबाई म्हणतात अजून राहू दे.

माझे पाय कधी थांबले मलाच कळलं नाही.

वैशाली डोळे उघडून पडली होती. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. उठून बसली, पदर सारखा केला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "कडीला तेल कशाला घातलंत?"

तो उठून उभा राहिला. "तुला झोप लागावी म्हणून."

"मग तुम्ही आलात ते मला कळणार कसं?"

तो हेल्मेटची पट्टी नुसती ओढत होता. मग एवढा मोठा गडी, खाली बघून म्हणाला, "भीती वाटते गो मला. झोपेत माझा हात लागला तर तुला?"

"लागू दे," वैशाली म्हणाली.

मी चहा सांगून येते म्हणून शटरखालनं बाहेर पडले. माझ्या घरात चहा असताना मी बाहेर चहा सांगायला निघाले, ह्याचंही त्या दोघांना काही वाटलं नाही. गणपतीच्या कारखान्याच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथला माणूस म्हणाला, काय काकी, आज मशीन बंद? मी मान हलवली.

नंतर हिराबाईंच्या घरी जाऊन मी माझं बोलणं मागं घेतलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच म्हणालात म्हणून मी अडवलं. म्हटलं, माझं चुकलं. ब्लाऊज चुकला तर उसवता येतो, ह्या चुकीला काय करू? त्यांनी वाल मात्र दिले त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात वैशाली रोह्याला गेली. ती वेगळी घेतलेली खाट तिनं भावाला देऊन टाकली असं कळलं. मुलगी आता तिच्या उजव्या बाजूला झोपते, म्हणजे उजव्या कुशीवर वळलं की भिंत नाही, मुलगी समोर. एवढी साधी गोष्ट, दोघींनी जागा बदलायची, पण कुणाला सुचली नव्हती. मलाही नाही, मी तर दिवसभर उलटं-सुलटंच करत होते.

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. फोनवर ती सांगायची, काही रात्री येते झोप, काही रात्री नाही. तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर आधी उडते. हॉस्पिटलातल्या त्या बाईंकडे अजून जाते बोलायला. आरशासमोर उभी राहते, पण बत्ती लावून नाही. फोन हळूहळू कमी झाले. व्हायलाच पाहिजेत. घरात माणसं असली की फोनला वेळ कुठला?

माझी दुपार मात्र तशीच राहिली. दोन वाजले की रिक्षेचा आवाज ऐकायला कान जायचे. गडबहून येणाऱ्या रिक्षांचा आवाज वेगळा असतो असं मी स्वतःला सांगायचे, तो नसतो. चटई कितीतरी दिवस गुंडाळली नाही. सून म्हणाली, आई, पायात येते. म्हटलं, असू दे.

शेवटी मी दोन ब्लाऊज शिवले तिच्या मापाचे, कुणी न टाकता, आणि एसटीनं रोह्याला निघाले. खूप दिवसांत बोलणं नाही, पोटभर बसून बोलावं, जेवायलाच थांबावं असं ठरवून. माहेर माझं तिकडचं, पण मी माहेराला चालले नव्हते. नदीकडच्या आळीत घर. बाहेरूनच ऐकू आलं, आत नुसता गलका. टीव्हीवर कार्टून, कुकरची शिट्टी, सासूबाई कुणाशी तरी मोठ्यानं फोनवर बोलतायत.

संजय दारात आला, हाताला पीठ. "या या काकी. वैशाली आताच पडलेय. उठवतो."

"खबरदार," मी म्हटलं.

आत डोकावले. अंथरुणावर मुलगी मांडी घालून बसलेली, पाढे पाठ करत होती, खणखणीत आवाजात. शेजारी वैशाली, उजव्या कुशीवर, तोंड उघडं, गाढ झोपलेली. तो डावा हात, जो माझ्या दुकानात ती नेहमी दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा पोटाशी धरून बसायची, तो मुलीच्या मांडीवर पडला होता. मुलीनं त्यावरच वही ठेवली होती.

मी उंबऱ्यात उभी राहिले. बोलायचं म्हणून काय काय घेऊन गेले होते. अनुसयाबाईंचं सांगायचं होतं, ते तिला कधी सांगितलं नव्हतं. दुकान बंद करायचं घाटतंय तेही सांगायचं होतं. ती उठेपर्यंत बसता आलं असतं. पण मी बसले की सासूबाई फोन ठेवणार, कार्टून बंद होणार, पाहुण्या आल्यात म्हणून सगळे हळू बोलायला लागणार.

ब्लाऊजची पिशवी संजयच्या हातात दिली आणि चपला घातल्या. माझी चाहूल लागून मुलीचा पाढा अडकला, सात पाचाला. तिनं वर बघितलं, आईकडे बघितलं आणि कुजबुजत विचारलं, "आजी, आई उठली की काय सांगू?"

"काही नको सांगू," मी म्हटलं. "पस्तीस. पुढं म्हण. मोठ्यानं म्हण."